तिघांच्या मागे चौथा

पहाटेचे साडेचार वाजलेत. भिवापूरच्या सातऱ्यांवर पसरलेली मिरची दवानं जड झाली आहे आणि तिचा वास थेट डांबरी रस्त्यापर्यंत येतो. तू उमरेडच्या बाजूला तोंड करून बुटांच्या नाड्या आवळतोस. निघताना आईनं विचारलं होतं, "काहून रे, मफलर नाही घेतला?" तू "घेतो" म्हणालास आणि तसाच निघालास. पोलीस भरतीचं ग्राउंड जवळ आलंय. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. गोळ्याची तुला काळजी नाही, १०० मीटरचीही फारशी नाही. पण १६०० साडेपाच मिनिटांच्या आत येत नाही.

गेल्या वर्षी तिघं होतात. एक पुण्याला कंपनीत लागला, दुसऱ्यानं सोडून दिलं. आता एकट्यानंच राऊंड मारायचे. पाय कधी ढिले पडतात ते एकट्याला कळत नाही. पुढे पाठ नाही, मागे दम टाकल्याचा आवाज नाही. ट्रकचा उजेड पडला की वेग वाढतो, ट्रक गेला की पुन्हा तोच. आपण जोरात धावतोय की जोरात धावल्यासारखं वाटतंय, हे सांगणारं कुणी नसतं.

म्हणून आज तुला दुसऱ्या एका एकट्याकडे न्यायचं आहे. रस्त्याकडेचा पुढचा दगड बघ. त्यावर नागपूरचे किलोमीटर नाहीत, साल लिहिलंय : २००१. थांबू नकोस, त्याच चालीनं पुढे जा.

डांबर संपतं. पायाखाली मुरूम येतो, धूळ येते. हवा कोरडी आहे, मिरचीचा वास गेला. हे राज्याचं दुसरं टोक : बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा गाव. पाऊस इथे दरवर्षी परीक्षा घेतो. कोयते बांधून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या याच जिल्ह्यातून सुटतात. एक म्हातारा तुला न्याहाळतो.

"कुठलं रं पोरगं तू?"

"भिवापूरचं. नागपूरकडलं."

"लई लांबून आलास की."

तो पुढे काही विचारत नाही, तूही थांबत नाहीस. कारण वाटेवर तुझ्या पुढे सहा-सात वर्षांचा एक मुलगा दप्तर घेऊन पळतोय. शाळा सहा किलोमीटरवर, गाडीची सोय नाही. चालत गेलं तर उशीर होतो, म्हणून पळायचं. हा व्यायाम नाही आणि सरावही नाही. आई-वडील वीटभट्टीवर राबणारे, शेतात खपणारे. घरात कुणी मैदान पाहिलेलं नाही. १३ सप्टेंबर १९९४ ला जन्मलेला हा अविनाश मुकुंद साबळे. त्याच्या धावण्याची गोष्ट सांगणारे सगळे इथूनच सुरुवात करतात आणि लगेच ऑलिंपिकवर उडी मारतात. ती उडी मला पटत नाही. सहा किलोमीटर चालत शाळेत जाणारी मुलं त्या काळी महाराष्ट्रात हजारोंनी होती, तुझ्या तालुक्यातही होती. ती सगळी धावपटू झाली नाहीत. या वाटेनं त्याला पाय दिले, हे खरं. वेग मात्र फार उशिरा आला, आणि तो कसा आला तेच तू बघायला हवंस.

पुढचा दगड : २०१३. आता श्वास जपून घे. बारावी झाल्यावर अविनाश सैन्यात भरती झाला आहे. पाचवी महार बटालियन. तू ज्या रांगेत उभा राहायची तयारी करतोयस, तशाच रांगेतून तो गेला. फरक एवढाच की त्याला धावपटू व्हायचं नव्हतं, नोकरी हवी होती. आणि नेमणूक कुठे? सियाचीन. बर्फाखेरीज डोळ्यांना काही नाही. नाकातून आत घेतलेली हवा पोटापर्यंत पोचण्याआधीच संपून जाते. तुझ्या साध्या स्वेटरचा इथे उपयोग नाही. त्यानंतर राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. वयाच्या विशीपर्यंत त्याच्या नावावर एकही मोठी शर्यत नाही.

हे लक्षात ठेव. केनियातला त्याच्या वयाचा मुलगा तोवर ज्युनिअर जागतिक स्पर्धा धावून मोकळा झालेला असतो.

२०१५ मध्ये तो सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतीत उतरतो. वर्षभरात राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचतो. मग दुखापत होते, शरीर सुटतं, वजन वाढतं. तिथेच संपायचं ते सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्यामुळे संपलं नाही. तीन महिन्यांत सुमारे २० किलो वजन उतरलं. तुझ्या ओळखीत असे किती जण आहेत बघ : एका भरतीत पाय मुरगळला, घरी बसले, पोट सुटलं, आणि मग ग्राउंडकडे फिरकलेच नाहीत. अविनाशही नेमका त्याच जागी उभा होता. २०१७ मध्ये अमरीश कुमार यांनी त्याला क्रॉस कंट्रीतून स्टीपलचेसकडे वळवलं.

इथे जरा थांब. ट्रॅकवर ये आणि या अडथळ्याला हात लाव. ढकलून बघ. हलत नाही ना? हर्डल्सची लाकडी पट्टी पाय लागला की पडते, धावणारा पुढे जातो. स्टीपलचेसचा हा दांडा जाड आणि घट्ट असतो. पुरुषांसाठी त्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे तुझ्या कमरेच्या आसपास. याला पाय लागला तर पडतोस तू. ३००० मीटरमध्ये असे २८ अडथळे. शिवाय ७ वेळा पाण्याचा खड्डा, त्याच्याआधी पुन्हा असाच दांडा. दांड्यावर पाय देऊन झेप घ्यायची, ३.६६ मीटर लांबीच्या पाण्याच्या उथळ टोकाला उतरायचं आणि भिजल्या बुटानं लगेच पुढे पळायचं. एकूण ३५ वेळा. दर वेळी पावलांचा हिशेब चुकला तर वेग जातो, आणि गेलेला वेग परत आणायला जास्त दम लागतो.

महाराष्ट्राला ही शर्यत अनोळखी नव्हती. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. तोही दुष्काळी तालुकाच. तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

२०१८, सप्टेंबर, भुवनेश्वर. त्या वर्षीच्या आशियाई स्पर्धेच्या संघात अविनाशला जागा मिळालेली नाही. खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत तो धावतोय. तू ट्रॅकच्या आत, गवतावर उभा राहा. शर्यतीत इतरही आहेत, पण तुला दिसतो तो एकटाच. काही फेऱ्यांत तो इतका पुढे जातो की बाकीची शर्यत वेगळीच वाटते. समोर कुणाची पाठ नाही. दांडा लांबूनच दिसतो, पावलं मोजायला भरपूर जागा आहे. तो घड्याळाशी धावतो. ८ मिनिटे २९.८० सेकंद. गोपाळ सैनी यांनी १९८१ मध्ये लावलेला ८:३०.८८ चा विक्रम ३७ वर्षांनी मोडला. पुढच्या मार्चमध्ये पतियाळाला पुन्हा नवा विक्रम, ८:२८.९४.

तू टाळ्या वाजवतोस, पण माझं लक्ष दुसरीकडे आहे. देशात त्याच्याबरोबर धावू शकेल असा कुणी उरलेला नाही. भिवापूरच्या रस्त्यावर तू जसा एकटा आहेस, तसा तो राष्ट्रीय विजेता होऊन एकटा पडला आहे.

त्याची किंमत कळायला एक वर्ष लागतं. १ ऑक्टोबर २०१९, दोहा, जागतिक स्पर्धेची प्राथमिक फेरी. आता गवतावर उभं राहून भागणार नाही, घोळक्यात शीर. दहा-पंधरा जण, खांद्याला खांदा, कोपरं बरगड्यांत. मागच्याचा बूट तुझ्या टाचेला घासतो. आणि दांडा दिसतच नाही! पुढच्याच्या पाठीपलीकडे काय आहे ते पुढच्यानं उडी मारल्यावरच कळतं. पावलं मोजायला वेळ नाही, अंदाजानं उडायचं. पुढचा अडखळला तर तुझीही सुटका नाही. तेच होतं. इथिओपियाचा टकेले निगाटे पडतो आणि त्याच्यात अविनाश अडकतो. एकदा नाही, दोनदा. उठून, वळसा घालून, तुटलेला वेग जोडत तो सातवा येतो. वेळ ८:२५.२३. एवढं होऊनही नवा राष्ट्रीय विक्रम!

अंतिम फेरी हुकलेली असते. भारतीय महासंघ दाद मागतो, त्याला अडथळा झाल्याचं मान्य होतं आणि अंतिम फेरीत एक जागा वाढवली जाते. तीन दिवसांनी तो तेरावा येतो, ८:२१.३७. ऑलिंपिकची पात्रता वेळ ८:२२.०० होती. १९५२ च्या गुलझारा सिंग मान यांच्यानंतर या शर्यतीत भारताचा एकही पुरुष ऑलिंपिकला गेला नव्हता. तेरावा येऊन त्यानं टोकियो गाठलं.

त्या तेराव्या क्रमांकाला मी फार मोठं मानतो. त्यात त्याला कळलं की आपल्यात दम आहे, घोळक्याची सवय नाही.

यानंतरची काही वर्षं आपण पळत बघू. नोव्हेंबर २०२०, दिल्लीची अर्धमॅरेथॉन : १ तास ३० सेकंद, ६१ मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय. जुलै २०२१, टोकियो : रिकाम्या खुर्च्यांसमोर ८:१८.१२, पुन्हा राष्ट्रीय विक्रम, पण गटात सातवा म्हणून बाहेर. दुसऱ्या गटातून त्याच्यापेक्षा हळू धावलेले आत गेले. मग अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला, समुद्रसपाटीपासून १८०० मीटरहून उंचावर, स्कॉट सिमन्स यांच्या हाताखाली सराव. तिथे बरोबरीनं धावणारे मिळाले. मे २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात ५००० मीटर १३:२५.६५. बहादूर प्रसाद यांचा ३० वर्षं जुना विक्रम गेला, आणि त्या शर्यतीत अविनाशचा क्रमांक होता बारावा. देशाचा विक्रम करूनही पुढे अकरा पाठी दिसतात, अशा शर्यतीच त्याला हव्या होत्या. जूनमध्ये रबातला ८:१२.४८.

जुलै २०२२, युजीन, जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी. ही नीट बघ, इथे वेगळंच घडतं. कुणी पुढे जायलाच तयार नाही. सगळे एकमेकांकडे बघत रेंगाळतात. जिंकणाऱ्या सुफियान एल बक्कालीची वेळ ८:२५.१३ आहे, अविनाशच्या त्या वर्षीच्या वेळेपेक्षा बारा सेकंदांहून जास्त हळू. पण असल्या शर्यतीचा निकाल शेवटच्या एका फेरीत लागतो. ज्याच्या पायात शेवटची उसळी, त्याची शर्यत. अविनाश अकरावा, ८:३१.७५. एकट्यानं एका लयीत धावत वाढलेल्या पायांना असं अचानक सुटणं जमत नाही. घड्याळाशी धावणं एक आणि माणसांशी धावणं दुसरं.

तुला वाटेल, मग राष्ट्रकुल स्पर्धेचं बर्मिंगहॅम पुढचंच असणार. खरंय, मध्ये तीन आठवडेही नाहीत. पण ते मी शेवटी ठेवणार आहे. आधी पुढची वर्षं पाहून घे.

२०२३, बुडापेस्ट : जागतिक स्पर्धा, गटात सातवा, प्राथमिक फेरीतच बाहेर. घोळका पुन्हा भारी पडला. आणि दीड महिन्यानं, १ ऑक्टोबरला हांगझोऊ. आशियाई स्पर्धेत तो पहिल्यापासून पुढे निघतो. मागे कोण आहे बघतही नाही. शेवटच्या सरळ रेषेत ट्रॅकवर त्याच्या आसपास कुणीच नाही. ८:१९.५०, स्पर्धेचा विक्रम, आणि आशियाई स्पर्धेत या शर्यतीत भारतीय पुरुषाचं पहिलं सुवर्ण. तीन दिवसांनी ५००० मीटरमध्ये रौप्य. भुवनेश्वरला एकटा धावणारा तोच मुलगा, तोच एकटेपणा, फक्त आता त्याचा डाव केलेला. बरोबरीचा वेग कुणाकडे नाही हे माहीत असेल तर थांबायचं कशाला?

२०२४, जुलै, पॅरिसची डायमंड लीग : ८:०९.९१. त्याचा दहावा राष्ट्रीय विक्रम. गोपाळ सैनींच्या वेळेपासून सहा वर्षांत जवळपास २१ सेकंद कमी, आणि ते सगळे एकाच माणसानं कमी केले. महिन्याभरानं त्याच शहरात ऑलिंपिक. प्राथमिक फेरीत पाचवा, ८:१५.४३, पहिले पाच आत. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष. अंतिम फेरीत सुरुवातीला तो पुढे होता, मग मागे पडला, अकरावा, ८:१४.१८. इथिओपियाचा लमेचा गिर्मा शेवटच्या फेरीत दांड्यावर अडखळून असा आदळला की त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. तू पहिल्यांदाच डोळे मिटतोस. ही शर्यत विश्वविक्रमवीरालाही सोडत नाही.

२०२५, मे, गुमी : आशियाई अजिंक्यपद, ८:२०.९२, सुवर्ण. १९८९ मध्ये दीना राम यांनी जिंकल्यानंतर ३६ वर्षांनी. जुलैत मोनॅको. पाण्याचा खड्डा, चुकलेलं पाऊल, आणि गुडघा. लिगामेंट आणि मेनिस्कस दोन्ही फाटलेले, सप्टेंबरची जागतिक स्पर्धा हुकली. सात वेळा पाण्यात उडी घेणाऱ्या माणसाच्या गुडघ्याचं काय होतं ते पुस्तकात वाचून कळत नाही. तीस ओलांडलेल्या धावपटूला अशा दुखापतीतून उभं राहायला काय लागतं, ते वाढलेलं वजन उतरवणाऱ्या त्या मुलाला निदान थोडं ठाऊक आहे.

आता मागे फिर. ६ ऑगस्ट २०२२. बर्मिंगहॅम, अलेक्झांडर स्टेडियम, राष्ट्रकुल स्पर्धा.

बाकडं नको, गवत नको. त्याच्या मागे, पाचव्या जागेवर ये. १९९८ पासून सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानं नेली आहेत. चोवीस वर्षांत दुसऱ्या कुठल्याही देशाला साधं कांस्यही नाही. आज पुढे तीन केनियन आहेत : कॉन्सेस्लस किप्रुतो, २०१६ चा ऑलिंपिक विजेता आणि दोनदा जगज्जेता, अब्राहम किबिवोट, आणि अमोस सेरेम, आदल्या वर्षीचा वीस वर्षांखालचा जगज्जेता. त्यांच्या मागे चौथा, अविनाश. हजार मीटरला चौथा. दोन हजारला चौथा.

वेग बघ. ४०० मीटरची एक फेरी साडेपासष्ट सेकंदांच्या आसपास. तुझे भरतीचे १६०० मीटर या चालीनं चार मिनिटे बावीस सेकंदांत संपले असते, तेही वाटेत दांडे आणि पाणी ओलांडून. तुझे पाय केव्हाच गेलेत, पण आज तुला सवलत आहे, पळत राहा. आणि हे बघ : तो पुढच्याच्या थेट मागे नाही. अर्धं पाऊल बाहेर आहे. त्यानं अंतर थोडं जास्त पडतं, पण पुढचा दांडा दिसतो. दोहात हे नव्हतं. पुढच्यानं वेग वाढवला की हाही वाढवतो, त्यानं सोडला की हा टाच तुडवत नाही. युजीनमध्ये सगळे रेंगाळले होते, इथे केनियनांनीच चाल जोरात ठेवली आहे, आणि जोरातली चाल हे तर त्याचं घर. तिघं मिळून त्याला दमवायला निघालेत. दमतोय किप्रुतो. तो मागे सरकतो आणि तुझ्या बाजूनं निघून जातो. निकालात तो सहावा असेल.

शेवटची घंटा. पुढे दोघं. अविनाश बाहेरून सेरेमला गाठतो आणि मागे टाकतो. चौथ्याचा दुसरा. आता समोर एकच पाठ. शेवटचा पाण्याचा खड्डा, पाणी तुझ्याही तोंडावर उडतं. शेवटचा दांडा. सरळ रेषा. भुवनेश्वरला अशा रेषेत तो एकटा असायचा, इथे किबिवोट एका पावलावर आहे. मग अर्ध्या पावलावर. युजीनला जी उसळी नव्हती ती आज पायात आहे. तू ओरडतोस, काय ते तुलाही कळत नाही. दोन छात्या जवळजवळ एकदमच रेषा ओलांडतात.

फलकावर आकडे येतात. किबिवोट ८:११.१५. साबळे ८:११.२०. सेरेम ८:१६.८३.

पाच शतांश सेकंद. त्या वेगानं धावणाऱ्या दोन शरीरांमध्ये हे अंतर जेमतेम दीड वितीचं. राष्ट्रकुलच्या या शर्यतीत १९९४ नंतर पहिल्यांदाच केनियाबाहेरच्या देशाचं नाव पदकांच्या ओळीत आलंय, आणि ते आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या पोराचं आहे. तो ट्रॅकवर आडवा होत नाही. किबिवोटही त्याच्याकडे बघतोय, आणि वळून त्याच्याकडेच निघालाय.